२०३० नंतर अहमदाबादची क्रीडासंकुले कोण पोसणार?

दांडियाबाजारकर:
२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या, याचा बडोदेकर म्हणून मला आनंद आहे. मात्र सगळी चर्चा बांधकामाच्या आकड्यांपाशी थांबते, हे खटकते. मॉन्ट्रियलमध्ये १९७६ च्या ऑलिंपिकसाठी काढलेले कर्ज २००६ मध्ये फिटले. म्हणजे स्पर्धेच्या वर्षी जन्मलेली मुले तिशीची होईपर्यंत लोक ते फेडतच होते. अथेन्समध्ये २००४ साठी बांधलेले सॉफ्टबॉलचे मैदान पुढे ओस पडले. जलतरण तलावात दिवसभर कोणी उतरले नाही, तरी पाणी गाळणारे पंप चालवावेच लागतात, क्लोरीन घालावेच लागते. कृत्रिम धावपट्टीही उन्हापावसात झिजते आणि काही वर्षांनी नव्याने अंथरावी लागते. हा खर्च कोण आणि कोणत्या उत्पन्नातून करणार, हे पायाभरणीपूर्वीच जाहीर व्हायला हवे.

रावपुरावासी:
आपण नेमकी फसलेलीच उदाहरणे निवडली आहेत. बर्मिंगहॅमने २०२२ मध्ये राष्ट्रकुल आणि पॅरिसने २०२४ मध्ये ऑलिंपिक स्पर्धा बहुतांश जुन्या किंवा तात्पुरत्या जागांवर पार पाडल्या. अहमदाबादमधील नारणपुऱ्याचे वीर सावरकर क्रीडासंकुल सप्टेंबर २०२५ मध्ये खुले झाले आणि त्याच महिन्यात तेथे आशियाई जलतरण स्पर्धा सुरू झाली. देखभालीच्या धास्तीने काही उभारायचेच नाही, तर गुजरातच्या मुलांनी सराव कुठे करायचा?

दांडियाबाजारकर:
बर्मिंगहॅम आणि पॅरिस तर माझ्याच बाजूने बोलतात. त्यांच्याकडे आधीपासून वापरात असलेल्या जागा होत्या. आपल्याला पुष्कळ काही नव्याने बांधावे लागेल, म्हणून जोखीमही अधिक आहे.

कारेलीबागकर:
मला अडचण शुल्कात दिसते. देखभाल भागावी म्हणून शुल्क वाढवले, तर सामान्य घरातील मुले दारातूनच परततात. कमी ठेवले, तर तूट सरकारी तिजोरीवर येते. मैफली आणि प्रदर्शनांना जागा भाड्याने दिली, तर सरावाचे दिवस बुडतात. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधले आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी त्यावर पुन्हा शेकडो कोटी रुपये खर्च झाले. आपल्या बडोद्यातील जुम्मादादा व्यायाममंदिरासारख्या आखाड्यांना मात्र त्याचा अल्पसा वाटाही पिढ्यान्पिढ्या पुरेल.

रावपुरावासी:
आखाड्यांना मदत हवीच, यावर दुमत नाही. पण मल्लखांबाच्या जागेत जलतरणपटू घडत नाहीत. शाळांसाठी राखीव वेळ आणि सवलतीचे शुल्क संकुल चालवण्याच्या करारातच लिहून घ्यावे. त्यातून येणारी तूट राज्याने शिक्षणाच्या खर्चासारखी उघडपणे अंदाजपत्रकात दाखवावी. ती तूट सोसायला मी करदाता म्हणून तयार आहे.

दांडियाबाजारकर:
अंदाजपत्रकात ती खरोखरच दरवर्षी दिसणार असेल, तर माझा विरोध बराच मावळतो. तो करार आधी वाचायला मिळावा, एवढी अट मात्र कायम आहे.