फोन ठेवला की बोलायला सुचत नाही म्हणता, तर आधी हाताला काम द्या

रात्री मोबाईल बाजूला ठेवला की नवरा-बायको दोघं नुसती एकमेकांकडं बघत बसतो असं म्हणालात ना, आमचंबी पहिला आठवडा अगदी तेच झालं. मग समजलं की समोरासमोर बसून बोलायचं ठरवलं की अवघड जातं, हात नाहीतर पाय चालत असले की बोलणं आपोआप निघतं. आता साडेआठला दोन्ही फोन सायलेंट करून स्वयंपाकघरात चार्जिंगला, आणि आम्ही चालत आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर, येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध, फेसासकट, ते पिताना दिवसभराचं सगळं बोलून होतं बघा. पावसाळ्यात घरीच, मी शेंगा सोलते, हे लसूण सोलतात, नाहीतर पत्त्यातला भिकार-सावकार, दोघांत मस्त रंगतो. मोठी ट्यूबलाईट मात्र बंद करा, पिवळा बारका दिवा लावा, प्रखर उजेडानं झोप आणणारं मेलाटोनिन हार्मोन शरीरात कमी तयार होतं. आणि फोन उशाशी नको म्हणजे नकोच, गजरासाठी साधं घड्याळ आणा, आमचं सगळं तिथंच अडलं होतं.