जास्त पॉइंट घेऊन हरणारे

टेनिसमधली सगळ्यात लांब मॅच म्हणजे इस्नर-माहूतची, ११ तास ५ मिनिटांची (विम्बल्डन २०१०, शेवटचा सेट ७०-६८ नं इस्नरनं घेतला). त्यातली एक गोष्ट सांगायची राहून जाते. माहूतनं एकूण ५०२ पॉइंट जिंकले, इस्नरनं ४७८. म्हणजे २४ पॉइंट जास्त घेऊन गडी हरला, कारण टेनिसात एकूण पॉइंट नाही, सेट मोजतात! त्या मॅचमध्ये स्कोअरबोर्ड तर ४७-४७ वरच अडकला होता.

२०१९ ची विम्बल्डन फायनल त्याहून जिव्हारी लागणारी. फेडरर २१८, जोकोविच २०४. शिवाय शेवटच्या सेटला ८-७, ४०-१५ वर सर्व्हिस फेडररचीच, म्हणजे आणखी एकच पॉइंट हवा होता. तरी मॅच गेली. त्या दिवशी आमच्या दारव्ह्याकडच्या गावात सगळे क्रिकेटच्या वर्ल्डकप फायनलला चिकटलेले. मी मात्र तुरीच्या डवरणीहून येऊन, चिखलाच्या पायानंच ओसरीवर मोबाइलमध्ये टेनिस पाहत बसलो. नेट गोल गोल फिरत होतं. ते ४०-१५ दिसलं अन् अडकलं. मी खुशीत आईला चहा टाकायला सांगितला. चित्र पुन्हा हललं तवा ८-८!

अन् तिकडं न्यूझीलंडही रन बरोबरीत असून चौकारांच्या हिशोबावर गेलं. एकाच दिवशी, एकाच लंडनात. माहूतचा ५०२ चा आकडा मला तरी त्याच मॅचमधल्या एसच्या (समोरच्याची रॅकेटही न लागणारी सर्व्हिस) विक्रमापेक्षा भारी वाटतो.