केबिनला फायबर मारण्याआधी एवढं बघा

दादा, जुन्या लाकडी बोटीच्या केबिनचं काय करावं, असं तुम्ही विचारलंत. तिला बाहेरून फायबर (फायबरग्लासचा थर) मारून घ्या, असं दोघा-तिघांनी सुचवलंय. माझी कळकळीची विनंती आहे, घाई करू नका. हर्णैला आमच्या बोटीला तेच केलं होतं. दोन वर्षांत समोरच्या खिडकीखालची चौकट आतून पार भुसभुशीत झाली. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर मुठीपर्यंत आत गेला! ओलं लाकूड फायबरखाली कोंडलं की पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. आधी खिडक्यांच्या खालच्या कडा आणि छताचे सांधे टोचून बघा. कुजलेलं कापून काढा, नवीन लाकूड बसवा, पूर्ण सुकू द्या, मगच फायबर. १ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत बोट रिकामी असते, पण हवा दमट असते. धंद्याचे चार दिवस बुडाले तरी चालतील, पण हे काम मेच्या उन्हातच उरका.

आणि गाण्यांचा स्पीकर होकायंत्राजवळ अजिबात नको, त्यातल्या चुंबकाने सुई फिरते. रात्रीसाठी आत मंद लाल दिवा लावा, तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) काळोखात समोरचं नीट दिसतं.