मदत हवी आहे: समोरच्या काचेवर बाहेरून वाफ धरते

गाडी पेट्रोल, ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल. पाऊस थांबला की वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर काचेच्या खालच्या भागात वाफ धरते, आणि तीही बाहेरून. वायपर मारला की जाते, पुन्हा येते. आतून धरली तर डीफॉगर लावून लगेच साफ होते, तो प्रश्न नाही.

म्हणजे गार हवा काचेवर जाते, काच थंड पडते आणि बाहेरच्या दमट हवेतलं बाष्प तिच्यावर जमतं, एवढं कळतं. म्हणून हवा फक्त तोंडावर ठेवली, तापमान २६ केलं, पंखा कमी केला. तरी डॅशबोर्डच्या काचेलगतच्या फटीतून गार झोत येतोच, हात धरला की जाणवतो. एसी बंद केला की दहिसरपर्यंत आतून वाफ! केबिन फिल्टर नवा आहे, मॅट कोरडे आहेत, काच दोन्ही बाजूंनी पुसून झाली. सर्व्हिसवाले म्हणतात, "पावसाळ्यात होतंच." हे उत्तर नको.

हवा फक्त तोंडावर असताना काचेकडे थोडी हवा जाणं बऱ्याच गाड्यांत मुद्दाम ठेवलेलं असतं की माझ्या गाडीत हवेची दिशा बदलणारी झडप नीट बंद होत नाहीये? डॅशबोर्ड न उघडता हे घरीच कसं तपासायचं?