अनुभव धागा: ट्रायथलॉनची तयारी आणि आपले रस्ते

धागा सुरू करतोय, पुण्याहून

ऑगस्टमधल्या एका रविवारी पहाटे पावणेसहाला, हायवेच्या सर्व्हिस रोडवर माझं पुढचं चाक पावसाळी गटाराच्या जाळीत अडकलं. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेनेच बसवलेले होते. दोन गजांमधली फट माझ्या २५ मिलिमीटरच्या टायरला नेमकी पुरेल एवढी, आणि वर पाण्याचं डबकं. सायकल जागीच थांबली आणि मी हँडलवरून पुढे फेकला गेलो. डावी कॉलर बोन मोडली, हेल्मेटला कानामागे बोटभर लांब तडा गेला. तो तडा डोक्याला गेला नाही, म्हणून आज हे लिहितोय.

गोव्याची ७०.३ ही ट्रायथलॉन स्पर्धा तेव्हा जेमतेम दोन महिन्यांवर आली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ७०.३ हे एकूण मैल. १.९ किमी पोहायचं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावायचं, सगळं मिळून साडेआठ तासांत. नोकरी करणारा माणूस याची तयारी करतो ती पहाटे. त्या आठवड्यात पावसामुळे माझ्या दोन राइड बुडाल्या होत्या. रविवारी ९० किमी करून साडेनऊच्या आत घरी पोचायचं होतं. डबकं मला दिसलं होतं. वळसा घालायला वेग कमी करावा लागला असता, मागे एकदा बघावं लागलं असतं. मी ते केलं नाही.

पोहायला तलाव मिळतो, धावायला मैदान मिळतं. सायकलला मात्र रस्ताच लागतो, आणि तिन्हींत सर्वांत जास्त वेळ सायकलवरच जातो. आपण एकमेकांना वॅट (पेडलवरची ताकद) आणि पेस (धावण्याचा वेग) सांगतो, पण पडलो कसे ते सांगत नाही. म्हणून ही विनंती. ‘थोडक्यात वाचलो’ एवढ्यावर सोडू नका. जागा, वेळ, उजेड, त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं आणि पुढे तुम्ही काय बदललंत, ते लिहा.

कोल्हापूर

आमच्याकडे पोहण्याची अडचण नाही, तलाव आहेत, पोहणारेही भरपूर. अडचण सुरू होते कारखाने सुरू झाले की. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, आणि मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. स्पीकरच्या आवाजात मागून येणाऱ्याचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू जाणं शक्यच नाही.

गेल्या डिसेंबरात धुक्यात मी अशा ट्रॉलीच्या मागे होतो. पंधरा फुटांवर आलो तेव्हा कळलं की पुढचा काळा भाग म्हणजे रस्ता नाही, ऊस आहे. ब्रेक दाबला, मागचं चाक रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यावर गेलं आणि घसरलं. कांडं गोल असतं, त्यावर दव पडलेलं, पकड कसली मिळणार! कोपर आणि मांडी सोलवटली.

मला लागलं त्यापेक्षा मनाला लागलं ते वेगळंच. चार-पाच गाड्या थांबल्या, माणसं उतरली आणि लांबच उभी राहिली. “पोलिसांचं लचांड मागं लागतंय,” असं एकजण म्हणालासुद्धा. सगळ्यांना कळकळीनं सांगतो, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, दवाखान्यात अडवून ठेवता येत नाही. १०८ ला फोन करा. हे गावागावांत सांगायला हवं.

आता नोव्हेंबर ते मार्च माझी लाँग राइड सूर्य वर आल्याशिवाय सुरू होत नाही. रजा टाकावी लागली तर टाकतो.

नवी मुंबई

पाम बीच रोडला मी तीन वर्षं सराव केला. सरळ, सपाट, रुंद रस्ता, म्हणून सायकलवाल्यांना आवडतो. भरधाव गाडी चालवायची हौस असलेल्यांनाही तो त्याच कारणानं आवडतो.

पण माझा अनुभव गाडीचा नाही. सव्वापाच वाजले होते, मी एकटी होते. मागून मोटरसायकल आली, मागे बसलेल्यानं माझ्या पाठीवर जोरात थापट मारली आणि दोघं हसत पुढे गेले. पाय क्लीटमध्ये, म्हणजे बुटाला पेडलशी जखडणाऱ्या खाच्यात, अडकलेले, वेग तीसच्या आसपास. हँडल कसं सावरलं ते मला आठवत नाही. पुढे दोनशे मीटरवर ते थांबलेले दिसले. वळून परत जावं की तसंच जावं, हे ठरवायला मला जो वेळ लागला तो आजही आठवला की पोटात गोळा येतो. मागून चार जणांचा ग्रुप आला, मी त्यांना हात केला. ते माझ्या दोन्ही बाजूंनी चालवत मला वाशीपर्यंत घेऊन आले. त्यांची नावंही विचारायची राहिली.

घरी आठवडाभर सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सायकल बंद झाली असती. बायकांनो, यातलं काही तुमच्याबरोबर घडलं असेल तर कृपया लिहा. मला वाटत होतं मी एकटीच आहे.

आता आठवड्याचे दिवस घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर. खाली जाड मॅट, समोर पंखा. घाम हेडसेटच्या (हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं त्या जोडाच्या) बोल्टवर ठिबकून गंज चढतो, म्हणून हँडलवर टॉवेल टाका. रविवारी फक्त ग्रुपबरोबर.

नाशिक

ग्रुपबद्दल एक सांगावंसं वाटतं. त्र्यंबक रोडला आम्ही सहाजण एकामागे एक, ३५ च्या वेगानं, आणि त्यातले तिघं एरोबारवर, म्हणजे हँडलला पुढे जोडलेल्या, कोपरं टेकवून वाकायच्या दांड्यांवर. पुढच्यानं खड्डा चुकवला, दुसऱ्याला तो दिसलाच नाही. तिघं पडले. एकाचं मनगट गेलं.

एरोबारवर हात असले की ब्रेक हाताखाली नसतो. शिवाय आपल्या स्पर्धेत वयोगटातल्या स्पर्धकांना ड्राफ्टिंगला, म्हणजे वारा चुकवायला दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायला, बंदी आहे, दोन सायकलींत १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. मग जे स्पर्धेत चालतच नाही त्याचा सराव आम्ही कशासाठी करत होतो? आता एरोबार फक्त मोकळ्या रस्त्यावर आणि एकट्यानं. ग्रुपमध्ये हात ब्रेकवर, आणि खड्डा दिसला की ओरडून सांगायचं.

संगमनेर, ट्रक चालवतो

धाकटा भाऊ सायकलवाला, त्यानं हे वाचायला दिलं म्हणून लिहितोय. आमच्या गाडीची क्लीनर साइड म्हणजे डावी बाजू. सिग्नलला गाडी थांबली की सायकल तिथनंच पुढे येते. केबिन उंच, क्लीनर झोपलेला असतो नाहीतर नसतोच. दाराच्या खाली जो माणूस उभा आहे तो मला दिसत नाही. डावीकडे वळायला मी आधी गाडी थोडी उजवीकडे घेतो, त्याला वाटतं जागा झाली, तो आत शिरतो. आणि वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात.

तुम्हाला माझ्या आरशात माझं तोंड दिसत नसेल, तर मलाही तुम्ही दिसत नाही. मागं थांबा. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न असतो. माझ्या हातून असं काही झालेलं नाही, पण एकदा लोकांनी आरडाओरडा केला म्हणून मी गाडी थांबवली. खाली उतरलो तर पोरगं सायकलीसकट मागच्या चाकापासून वीतभर लांब. त्या दिवशी पुढे गाडी चालवली नाही.

श्टुटगार्ट

जर्मनीत २०२० पासून सायकलला ओलांडताना गाडीनं शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं असा नियम आहे. सगळे पाळतात असं नाही, पण बहुतेक जण मागे थांबून राहतात. सहा वर्षांत याची इतकी सवय झाली की साताऱ्याला घरी आल्यावर काकांची सायकल काढली आणि पहिल्याच एसटीनं माझ्या कोपराजवळून वारा घातला तेव्हा मी रस्ता सोडून मातीत उतरलो. लहानपणी याच रस्त्यानं शाळेत जायचो. तेव्हाही बस अशाच जायच्या, मला भीती वाटायची नाही, एवढंच. दीड मीटर म्हणजे किती, हे ड्रायव्हिंग शिकवतानाच दाखवलं तर?

पणजी

स्पर्धेच्या दिवशी सायकलचा रस्ता बंद असतो. वळणावळणावर स्वयंसेवक. तो ९० किमी मला आजवरचा सर्वांत सुरक्षित वाटला. भीती वाटली ती मिरामारच्या पाण्यात, कारण सगळा सराव तलावातला. तळाची रेघ नाही, लाट तोंडात, शेजारच्याची टाच चष्म्यावर. उताणा होऊन वीस श्वास मोजले, मग पुढे गेले. समुद्रात आधी चार-पाचदा तरी उतरा, आणि कुणालातरी काठावर बसवून.

पुणे, मी सायकल चालवत नाही

माझे अहो चालवतात. मी घरी लाइव्ह लोकेशन बघत बसते. गेल्या वर्षी तो निळा ठिपका खंबाटकी घाटात चाळीस मिनिटं हलला नाही. फोन लागेना. मी दोन्ही मुलांचे डबे भरले, दप्तरं दारात ठेवली आणि कुणाला फोन करायचा ते मला सुचेना, कारण त्यांच्याबरोबर कोण गेलंय हेच मला माहीत नव्हतं.

ते ठीक होते. दुसऱ्या कुणाची तरी चेन तुटली होती, ती जोडत बसले होते आणि फोनची बॅटरी संपली होती. घरी आल्यावर मी काहीच बोलले नाही. जेवण झाल्यावर एक कागद त्यांच्यापुढे ठेवला.

आता शनिवारी रात्री तो फ्रिजवर लागतो. कुठून कुठे, कोण कोण, दोघांचे नंबर, परत किती वाजता. हेल्मेटच्या आत चिठ्ठी असते, रक्तगट आणि माझा नंबर. फोन भरला का, ते झोपायच्या आधी मीच बघते. उद्या भोर, तिघं आहेत, साडेनऊ लिहिलंय.