मदत हवी आहे: कचराभूमीची उंची वाढवायची, पण उतार टिकेल का?

नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका कचराभूमीची उंची १८ मीटरवरून २७ मीटर करण्याचा प्रस्ताव तपासणीसाठी आमच्याकडे आलाय. बाजूचा उतार १ उभा, ३ आडवा. तळाला चिकणमाती, त्यावर एचडीपीईचा (जाड, पाणी न झिरपणाऱ्या प्लास्टिकचा) थर.

उताराची स्थिरता मोजायच्या स्पेन्सर पद्धतीने कोरड्या स्थितीत सुरक्षा गुणांक (उतार धरून ठेवणारं बळ भागिले घसरवणारं बळ) १.६ येतो. लीचेटची (कचऱ्यातून झिरपणाऱ्या दूषित पाण्याची) पातळी वर धरली की तोच १.३च्या खाली जातो, आणि इथला पाऊस पाहता हीच स्थिती धरायला हवी, असं माझं ठाम मत आहे. २००० साली मनिलाजवळ पायातास आणि २०१७ मध्ये दिल्लीत गाझीपूर, दोन्ही ढिगारे पावसाळ्यातच कोसळले आणि माणसं गेली. आमच्याही पायथ्याला वस्ती आहे.

अडलंय ते इथे: आपल्याकडच्या ओल्या, मिश्र कचऱ्यासाठी संसंजन (कण एकमेकांना धरून राहण्याची ताकद) आणि घर्षणकोन (आतल्या घर्षणाचं माप) किती धरता? बाहेरच्या शोधनिबंधांतले आकडे मला फार उदार वाटतात. प्रयोगशाळेतल्या छोट्या पेटीत कचऱ्याचा नमुना नीट बसतही नाही. आणि चिकणमाती-एचडीपीई सांध्यावर कमाल ताकद घ्यायची की घसरणीनंतर उरणारी? जुन्या ढिगात पिझोमीटर (आतल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण) बसवलेल्या कुणाचा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा. किती खोलीवर बसवले, गाळाने तुंबले का?