मदत हवी आहे: बटाट्याच्या प्रयोगात दशांश किती ठेवायचे?

कोल्हापुरात अकरावीच्या मुलांकडून परासरणाचा (ऑस्मोसिस, म्हणजे पेशींच्या पडद्यातून पाणी आत-बाहेर जाण्याचा) प्रयोग करून घेतेय. कपिलतीर्थ मंडईतल्या बटाट्याचे तुकडे मिठाच्या पाण्यात ठेवले. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. एक तुकडा २.१४ ग्रॅमचा १.९७ झाला, आणि वहीत घट थेट ७.९४३९२५ टक्के! काट्यावर २.१० दिसलं तरी मुलं शेवटचं शून्य गाळायची. तेही मोजलेलंच असतं, म्हणून ते थांबवलं. फरक ०.१७, म्हणजे दोनच सार्थ अंक (मोजमापातले भरवशाचे अंक), म्हणून ७.९ लिहायला सांगितलं. सहकारी म्हणतात, वजनाला दोन दशांश तर टक्क्यालाही दोन. मला पटत नाही.

आता अडलंय ते सरासरीपाशी. तीन तुकडे आहेत, मुलांकडे साधा कॅल्क्युलेटर आहे, एक्सेल नाही. प्रत्येक टक्केवारी आधी राउंड करायची, की सगळे आकडे धरून शेवटी एकदाच? आणि मग तक्त्यात कोणता आकडा लिहायचा?